न पाहिलेल्या युटाची वही

आमच्या जेवणाच्या टेबलावर जाड काच होती आणि त्या काचेखाली अमेरिकेतल्या युटा राज्याचा नकाशा पसरलेला होता. लोक काचेखाली देवाचा फोटो ठेवतात, बिलं ठेवतात, मुलांचं टाइमटेबल ठेवतात. आमच्याकडे युटा. ताटांच्या जागासुद्धा त्यावरूनच ठरलेल्या. बाबांचं ताट वर, सॉल्ट लेकवर. माझं उजवीकडे, मोआबवर. आणि आईचं अगदी खाली, ब्राइस कॅन्यनच्या शेजारी, कारण ती बाजू ओट्याला जवळ होती आणि तिला पोळी उलटायला सारखं उठावं लागायचं. आमटीचा थेंब सांडला तरी आई ओरडायची, "पुसा आधी! फटीतून आत जाईल, झायनची दरी भिजेल!" बाबा शांतपणे म्हणायचे, "वाळवंटच आहे ना गं ते, चार थेंब गेले तर बिचाऱ्यांना बरंच वाटेल." मग आई स्वतःच फडकं घेऊन यायची आणि पुसून झालं तरी थोडा वेळ तशीच वाकून खाली बघत राहायची.

गंमत म्हणजे आमच्यापैकी कुणीच युटाला गेलेलं नव्हतं. युटाच कशाला, अमेरिकेतच कुणी पाऊल ठेवलेलं नव्हतं. आम्ही राहायचो सिंगापूरला, टॅम्पिनीसमध्ये, अकराव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये. बाबा चांगी बिझनेस पार्कमधल्या एका बँकेच्या ऑफिसात होते. डोक्यावरून सारखी विमानं जायची, खाली दुपारचा भंगारवाला भोंगा वाजवत फिरायचा, आणि बारा महिने, कुठलाही ऋतू नसताना, पहाटे पाचला कोकीळ केकाटायची. इथली कोकीळ गात नाही, तक्रार करते, असं आईचं मत होतं. आईचं प्रत्येक गोष्टीबद्दल मत होतं. सांगलीजवळच्या एका शाळेत ती नऊ वर्षं भूगोल शिकवायची, आणि नऊ वर्षं भूगोल शिकवलेल्या बाईला मराठी माध्यमाची एकही शाळा नसलेल्या देशात नवऱ्याच्या नोकरीवरच्या डिपेंडंट पासवर आणून बसवलं, की मतांना दुसरी वाटच उरत नाही.

युटा कुठून आलं? तर त्या शाळेतून. वारा आणि पाणी दगडाचं काय करतात हे शिकवताना दाखवायला पुस्तकात नैसर्गिक कमानीचं एक बोटभर चित्र होतं, आणि छपाई इतकी काळी की तो दगड आहे की म्हैस आहे तेही कळू नये. खाली फक्त 'युटा' एवढाच शब्द. आई म्हणायची, दर वर्षी मुलं विचारायची, बाई, हे खरं असतं का? आणि मी दर वर्षी सांगायचे, असतं. नऊ वर्षं मी छातीठोकपणे सांगितलं मनू, आणि मला स्वतःला ठाऊक नव्हतं. मनू म्हणजे मी. तेव्हा मी सेकंडरी वनला, म्हणजे सातवीत होते, घरात मराठीत बोललेल्याला इंग्रजीत उत्तर द्यायचे आणि वाक्याच्या शेवटी इथला 'लाह' लावला की आई कान पकडायला धावायची.

पण तिला काही विचारलं की ती कशी सांगायची! एकदा मी सहज विचारलं की दगडाचे असे खांब उभे राहतातच कसे, हात न लावता? ती उठली. फडताळातून गुळाची ढेप काढली, ताटलीत ठेवली, आणि ओट्यावरच्या नळाला बारीक धार लावून ताटली तिच्याखाली सरकवली. "बस इथे. हलायचं नाही." मी पंधरा मिनिटं बघत बसले. ढेपेला आधी खळगे पडले, मग भेगा, मग भेगांच्या मध्ये बोटाएवढे सुळके सुटे झाले, काहींच्या डोक्यावर एक कडक खडा टोपीसारखा तसाच राहिला. "हा ब्राइस कॅन्यन," आई म्हणाली. "यांना हूडू म्हणतात. टोपी आहे तोवर खांब आहे. टोपी पडली की संपलं." मग त्या गुळाच्या पाण्यात तिने दशम्यांची कणीक भिजवली, कारण वाया काही घालवायचं नाही हाही तिचा एक विषय होता. आजही कुठे हूडूचा फोटो दिसला की माझ्या तोंडाला दशमीची चव येते.

वहीची सुरुवात बाबांच्या ऑफिसातल्या एका माणसामुळे झाली. तो कामासाठी सॉल्ट लेकला निघाला होता आणि त्याला दोन दिवस मोकळे मिळणार होते. बाबांनी त्याला जेवायला आणलं. तो जाताना आईने त्याच्या हातात हाताने लिहिलेली सहा पानं ठेवली. तळ्यात तरंगायचं असेल तर कुठल्या बाजूने उतरायचं, पाणी इतकं खारट की माणूस बुडत नाही पण दाढी करून गेलात तर जन्माची अद्दल घडेल. मिठाच्या मैदानावर पावसानंतर जा, आभाळ खाली दिसतं. तो माणूस परत आला तो वेडाच होऊन आला. त्याने दहा जणांना सांगितलं, त्या दहांनी आणखी कुणाला, आणि बघता बघता सिंगापुरातल्या मराठी मंडळींत अशी पद्धतच पडली की अमेरिकेचं तिकीट काढायचं आणि आमच्याकडे चहाला यायचं.

आई दुपारभर कॉम्प्युटरवर युटाच्या रस्त्यांवरून चालायची. खरंच चालायची, त्या रस्त्यांच्या चित्रांत बाण दाबत दाबत, एकेक वळण. कुठे सावली आहे, कुठे गाडी लावायला जागा आहे, दमलेल्या म्हाताऱ्याला टेकायला बाक आहे का. ब्राइसच्या कड्यावर कुणी कॅमेरा लावलेला होता, त्यात आमच्या रात्रीच्या जेवणाच्या वेळी तिथली सकाळ दिसायची, ती भाजी परतता परतता बघायची. आणि ते सगळं प्रत्येक जाणाऱ्यासाठी वेगळ्या दोनशे पानी वहीत उतरायचं: पाहणे, चालणे, खाणे, आणि चौथा रकाना शौचालय. त्या रकान्यावर तिचा फार जीव. "पुढे दोन तास काही नाही, इथेच उरकून घ्यावे," अशी तिची वाक्यं मला त्या वयात मरणाची लाज आणायची. आता वाटतं, प्रवासाची इतकी प्रेमळ पुस्तकं फार कमी लिहिली गेली असतील.

मी चिडवायचे, "आई, तू गेलीच नाहीयेस, लाह!" ती म्हणायची, "म्हणून काय झालं? डॉक्टरला सगळे रोग झालेले असतात का?"

या सगळ्यात दामले काका आणि काकू आले. ते बुओना व्हिस्टाला राहायचे, काका बँकेतून नुकतेच निवृत्त झालेले, काकू साठीच्या आतबाहेर. त्यांचा मुलगा ॲरिझोनात फिनिक्सला नोकरीला होता, त्याच्याकडे ते मेअखेरीस जाणार होते. तिथून युटाची सीमा ओलांडून ब्राइस बघायचा, एवढं काकूंनी ठरवलेलं. अडचण गुडघ्यांची. वरच्या कड्यावरून कुणीही बघेल हो, पण मला त्या खांबांच्या मधून जायचंय, त्या म्हणाल्या, आणि खाली उतरणं माझ्याच्याने होणार नाही. आईचे डोळे लकाकले. "काकू, खेचरं आहेत!" खेचरांवर बसवून खाली नेऊन आणतात, दोन तास. "बसाल ना?" काकू ताठ झाल्या. "मेधाताई, मी लग्नानंतर माथेरानला घोड्यावर बसलेय. घोडा पळाला, हे पडले, मी नाही पडले." काका छताकडे बघायला लागले.

त्याच दामल्यांकडे चैत्रातलं हळदीकुंकू होतं. लिटिल इंडियातून आणलेल्या कैऱ्यांची आंबेडाळ, पन्हं, भिजवलेले हरभरे, आणि त्यांच्या काँडोच्या, म्हणजे खासगी सोसायटीतल्या फ्लॅटच्या, गार हॉलमध्ये पंधरा-वीस बायका. नुकत्याच मुंबईहून आलेल्या एक बाई आईच्या शेजारी बसल्या होत्या. आईच्या वहीचं कौतुक चाललं होतं तर त्या म्हणाल्या, "छान आहे हो, नुसत्या दगडांवर एवढी वही! घरीच असता ना तुम्ही, वेळ बराच असतो." आई हसली. तिचं ते हसू मला ओळखता यायचं. ते फक्त ओठांचं असायचं. मग त्या बाईंनी विचारलं, "तुम्ही कधी गेला होतात युटाला?" आईच्या तोंडात आंबेडाळीचा घास होता. तिला गिळायला जेवढा वेळ लागला तेवढ्यात मी बोलून गेले. "मी तिसरीत, पी थ्रीला असताना. आम्ही तिघं. इतकं ऊन, लाह! आई तर सगळीकडे चढली."

का बोलले? त्या बाईंचा मला राग आला होता, हे एक. आणि दुसरं, जे सांगायला मला आजही बरं वाटत नाही ते असं, की शाळेत सगळे सुट्टीत कुठे कुठे जाऊन यायचे आणि मीही वर्गात हेच सांगून ठेवलं होतं. थाप तयारच होती. मी फक्त काढून दिली. आईने घास गिळला, माझ्याकडे बघितलं, आता ही सांगणार, सगळ्यांसमोर माझी शोभा करणार, असं मला वाटलं. तिने पन्ह्याचा पेला उचलला आणि म्हणाली, "हो ना. ऊन फार."

बुओना व्हिस्टापासून टॅम्पिनीसपर्यंत एमआरटीची मेट्रो एकच, गाडी बदलायची नाही. ओटीतल्या हरभऱ्यांची पिशवी मांडीवर घेऊन आई अर्धा रस्ता तिची गाठ सोडत-बांधत बसली. मग म्हणाली, "का बोललीस?" मी म्हणाले, "तू का नाही सांगितलंस?"  पुढे एक-दोन बायकांनी फोटो मागितले तेव्हा आई म्हणाली, ते जुन्या फोनबरोबरच गेले. ही थाप तिची स्वतःची होती. मी ऐकत होते. मला सुटल्यासारखं वाटलं आणि वाईटही वाटलं. बाबा मात्र रात्री पोळीचा तुकडा मोडत म्हणाले, "आपण युटाला जाऊन आलो म्हणे. मला निदान एक मेसेज तरी करायचात." त्या दिवशी कुणी हसलं नाही.

दामल्यांच्या वहीवर आईने जितका जीव ओतला तितका दुसऱ्या कुठल्याच वहीवर नाही. आता वाटतं, ती त्या थापेचं प्रायश्चित्त घेत होती. खेचरांची वेळ तिनेच ठरवून दिली, दुपारी एकची. ॲरिझोनात पेज नावाच्या गावी मुक्काम. सकाळी नऊला निघा, अमुक ठिकाणी सावलीत दशम्या खा, सव्वाबाराला पोहोचाल, पाऊण तास हातात. बाकीच्या प्रवासाचंही सगळं लिहिलं, अगदी फळबागेपर्यंत, जिथे झाडावरची फळं आपल्या हाताने तोडून खाता येतात. आणि ब्राइसच्या खालच्या वाटेवर पूर्ण दोन पानं. कुठल्या वळणावर भिंती जवळ येतात, कुठे एकटं उंच पाइनचं झाड उजेडासाठी वर वर गेलेलं आहे, कुठे मागे वळून बघायचं. वाचून कुणीही म्हणावं, ही बाई इथे दहा वेळा तरी आली असणार.

एका सकाळी, मी शाळेचे मोजे चढवत होते आणि आई माझ्या डब्यात पोळीचा रोल गुंडाळत होती, तेव्हा तिने फोनवर आलेला निरोप लावून फोन ओट्यावर ठेवला. रात्रीत येऊन पडलेला दामले काकांचा आवाज. मागे वारा सूं सूं करत होता. "वहिनी, आम्ही ब्राइसला पोहोचलो. बरोबर सव्वाबाराला, तुम्ही लिहिलंय तसं. पण इथे सव्वा वाजला होता! युटाचं घड्याळ ॲरिझोनाच्या एक तास पुढे आहे. मनगटावरचं घड्याळ फिनिक्सचं, गाडी मुलाची, तिचंही घड्याळ फिनिक्सचं, फोन आम्ही बंद ठेवलेला. खेचरं गेली. पुढचे चार दिवस जागा नाही. ही कड्यावर बाकावर बसली आहे." मग, रागाने नाही, नवल वाटल्यासारखं त्यांनी विचारलं, "तुम्ही आला होतात तेव्हा घड्याळ नव्हतं का बदललं?"

आईने गॅस बंद केला. ती टेबलाशी आली आणि काचेवर बोट ठेवून खालची सरहद्द चाचपत राहिली. "रेखावृत्त तेच आहे," ती स्वतःशीच म्हणाली. "तेच रेखावृत्त, तोच विभाग. वेळ तीच असायला हवी." पुस्तकी भूगोल अगदी बरोबर होता. पण युटात उन्हाळ्यात घड्याळं एक तास पुढे सारतात आणि शेजारचं ॲरिझोना ते करतच नाही, हे तिला कुठून सुचणार? सांगलीत घड्याळ कधी हललं नाही, सिंगापुरात हलत नाही. ऋतूप्रमाणे जन्मात एकदाही घड्याळ न बदललेल्या माणसाचीच ही चूक. आणि तिथे एकदा जरी गेली असती तरी झाली नसती.

बाबा बूट घालता घालता थांबले होते. त्यांनी कॉम्प्युटरवर काहीतरी शोधलं आणि म्हणाले, "अगं, सोपं आहे. आपण वरून आलो होतो असं सांग, सॉल्ट लेककडून. त्या बाजूने आलं की घड्याळ बदलत नाही. कुणाला शंकासुद्धा येणार नाही." मी जोरजोरात मान हलवली. इतकं चपखल बसत होतं ते! आई आमच्या दोघांकडे बघत राहिली. "इतकं छान बसतंय ना," ती म्हणाली, "म्हणूनच नको." तिने काकांना एवढंच कळवलं की चूक पूर्ण माझी आहे, काकूंची माझ्यातर्फे क्षमा मागा, परत आलात की भेटायला येते.

ते परत येईपर्यंतचे दिवस वाईट गेले. आईने टेबलावर फुलाफुलांचं मेणकापड आणून अंथरलं. युटा दिसेनासं झालं. आमटी सांडली तरी कुणी ओरडायचं नाही, आणि मला त्या न ओरडण्याची भीती वाटायची. मग एका शनिवारी तिने सांज्याच्या पोळ्या केल्या, काकूंना आवडतात म्हणून, स्टीलच्या डब्यात भरल्या आणि मला म्हणाली, "चल."

काकूंनी दार उघडलं, हातात काठी होती. काका आतून म्हणाले, "या या, युटाच्या राणीसाहेब!" म्हणजे त्यांनी चेष्टेवर घेऊन विषय मिटवलाच होता. आईने गप्प राहून पोळ्या वाढल्या असत्या तरी चाललं असतं. ती बसलीसुद्धा नाही. डबा हातातच धरून म्हणाली, "काका, काकू, मी युटाला कधीच गेलेली नाही. अमेरिकेलाच गेलेली नाही. मी खोटं बोलले."

काकांचं हसू विरलं. "म्हणजे? या वयात दोघांनी परक्या देशात गाडी हाणली ती कशाच्या भरवशावर? कॉम्प्युटरवरच्या चित्रांच्या?" त्यांचा आवाज चढला होता आणि तो चढणं बरोबरच होतं. मी पुढे झाले. माझं मराठी ऐनवेळी पळून जायचं, पण त्या दिवशी नाही गेलं. "काका, पहिलं खोटं मी बोलले. हळदीकुंकवाला. आई नाही." आईने माझ्या खांद्यावर हात ठेवून मला मागे घेतलं. "ती तेरा वर्षांची आहे," ती म्हणाली. "मी एक्केचाळीस."

 काकू खुर्चीत बसल्या, काठी गुडघ्यावर आडवी घेतली. "खेचरांचं मला काही नाही मेधाताई," त्या सावकाश म्हणाल्या. "चुकते वेळ माणसाची. पण मी त्या बाकावर दोन तास बसले होते. खाली माणसं मुंगीएवढी दिसत होती. आणि मी मनाला सारखं समजावत होते, जाऊ दे, मी नाही तर नाही, मेधाताई तरी खाली जाऊन आल्यात ना. त्या सांगतील. तेवढ्यावर मी ते दोन तास काढले हो." एवढं बोलून त्यांनी तोंड खिडकीकडे वळवलं. त्या रडत होत्या की नाही मला दिसलं नाही. आई रडत होती.

आम्ही पाणीही न पिता निघालो. डबा तिथेच राहिला. गाडीत आई मला म्हणाली, "मनू, मला पुन्हा कधी वाचवावंसं वाटलं ना, तर खरं सांगून वाचव." मी हो म्हणाले. पाळलंही आहे, बहुतेक वेळा.

पुढचे दोन महिने आमच्याकडे चहाला कुणी आलं नाही. बातमी फिरली असणार. आपल्या लोकांत ती फिरतेच. आईला माणसांपेक्षा डब्याची काळजी जास्त. आपल्यात कुणाचा डबा रिकामा परत करत नाहीत, अगदी काही नसलं तर साखरेची चिमूट घालून देतात. पण डबा परतच आला नाही, तर त्याचा अर्थ काय लावायचा? "ठेवू दे त्यांना," आई म्हणायची. "रिकामा आला तर मला सहन व्हायचं नाही." त्या मेणकापडावर मी गणितं सोडवायचे आणि खाली नेमकं मोआब कुठे असेल याचा अंदाज घ्यायचे. एरवी मला कंटाळा यायचा त्या नकाशाचा. झाकल्यावर मात्र सारखं बघावंसं वाटायला लागलं.

मग एका दुपारी बेल वाजली. काकू एकट्या, काठी टेकत, एवढा लांबचा प्रवास करून आलेल्या. एका हातात तो डबा. आईने तो ओट्यावर नेऊन ठेवला. उघडला तर आत रव्याचे लाडू, आणि काकूंनी खांद्यावरच्या पिशवीतून वही काढून टेबलावर ठेवली. आईनेच त्यांना लिहून दिलेली वही. "वाच," त्या म्हणाल्या. आईला त्या आजवर अहोजाहो करायच्या.

वहीच्या पानापानावर लाल शाईने काकूंचं बारीक, वळणदार अक्षर होतं. 'हे शौचालय बंद. पुढचे स्वच्छ.' 'बाक आहे पण उन्हात. छत्री लागते.' 'बागेतली फळे कच्ची होती, तरी एक चाखले. कैरीची सर नाही.' 'दशम्या चौथ्या दिवशीही मऊ. गूळ जास्त घालावा.' सीमेच्या पानावर मोठा चौकोन आखून: 'इथे घड्याळ एक तास पुढे करणे. विसरू नये.' आई उभ्याउभ्याच वाचत होती, मी तिच्या दंडाखालून डोकं घालून. ब्राइसची ती दोन पानं आली. तिथे काकूंनी काहीच दुरुस्त केलं नव्हतं. फक्त तळाशी लिहिलं होतं: 'पाहिलं नाही. तूही नाहीस. बघू.'

 आईने टेबलावरचं मेणकापड ओढून काढलं, घडी करून ओट्याखाली कोंबलं आणि म्हणाली, "काकू, चहात आलं घालू ना?"

त्यानंतरच्या प्रत्येक वहीच्या पहिल्या पानावर आई लिहायची: 'ही वही लिहिणारी इथे गेलेली नाही. जाऊन आलात की चुका सांगा.' आणि लोक आले, परत आले! उलट जास्तच आले, आणि परतताना वही आणि चुका दोन्ही घेऊन यायचे. अमुक वळणावर आता सावली नाही, तमुक ठिकाणी पाणी मिळतं. मुंबईच्या त्या बाईसुद्धा जाऊन आल्या आणि सात चुका सांगून गेल्या. दगडच होते ना, असं आईने त्यांना विचारलं तर म्हणाल्या, दगड कसले हो, मी तिथे हरवूनच गेले. आई त्या चुका लाल शाईने उतरवून घ्यायची. त्या वह्या आता माझ्या कपाटात आहेत आणि त्यांत काळ्यापेक्षा लालच जास्त आहे.

'बघू' ला बरीच वर्षं लागली. माझी नोकरी लागली, काकूंचे दोन्ही गुडघे बदलून झाले, मग आम्ही चौघं गेलो: आई, काका, काकू आणि मी. बाबा म्हणाले, मी एकदा जाऊन आलोय, पुन्हा कशाला. फिनिक्सहून गाडी मीच चालवत होते. पेजच्या पुढे युटाची पाटी दिसली तशी आई म्हणाली, "थांब." तोवर सगळ्यांचे फोन आपापली वेळ आपणच बदलत होते, तरी ती खाली उतरली, रस्त्याच्या कडेला उभी राहिली, चष्मा कपाळावर सारला आणि मनगटावरच्या घड्याळाची चावी ओढून काटा एक तास पुढे नेला. काकांनी शेजारी उभं राहून आपलंही नेलं. 

खेचरांपाशी आम्ही तासभर आधीच पोहोचलो. काका वरच थांबले. माथेरानची आठवण ताजी होती म्हणे. काकू पुढच्या खेचरावर, त्यांच्यामागे आई, मग मी. वाट खाली उतरायला लागली आणि ते खांब दोन्ही बाजूंनी वर चढत गेले, गुळाच्याच रंगाचे, डोक्यावर टोप्या घेऊन.  आईची पाठ मला दिसत होती. तोल सांभाळायचं सोडून तिने एक हात बाजूला पसरला होता आणि भिंत जवळ आली की बोटं अलगद तिला लावत होती. पुढे वाट वळत होती. ते वळण मला तोंडपाठ होतं, कारण आईच्या वहीत ते होतं: भिंती जवळ येतात, आणि वळलं की उजेडासाठी वर गेलेलं एकटं पाइनचं झाड.

काकूंनी खोगीरावरून मान वळवली आणि ओरडून विचारलं, "अगं मेधा, या वळणापुढे काय आहे गं?"

"मला काय माहीत काकू!" आई ओरडली. "मी पण पहिल्यांदाच येतेय!"